दोषी ठरला, पण अपिलाचे दिवस कधीपासून मोजायचे हे त्याला सांगतं कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आणि कोर्टाच्या नक्कल विभागातून, म्हणजे निकालाच्या प्रती देणाऱ्या विभागातून, रिटायर झालोय. पत्र जरा मोठं होईल, जागेअभावी कापलंत तरी चालेल, पण मुदतीचे आकडे तेवढे कापू नका ही विनंती.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका घरातला पोरगा सेशन कोर्टात दोषी ठरला. शुक्रवारी निकाल झाला, त्याला लगेच ताब्यात घेतलं आणि शिक्षेवर ऐकायला मंगळवारची तारीख दिली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'दोषी ठरवले, शिक्षा मंगळवारी', आणि बातमीच्या शेवटी एक ओळ होती की आरोपी हायकोर्टात अपील करणार आहे. त्याच्या वडलांनी ती ओळ वाचली आणि त्यांना वाटलं आता एक दिवस पण घालवायचा नाही, म्हणून सोमवारी पहाटेची पहिली एसटी धरून ते कोल्हापूरला गेले, पिशवीत चार्जशीटची झेरॉक्स, पेपरचं कात्रण आणि बायकोचे कानातले मोडून आणलेले पैसे. तिथल्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, शिक्षा किती झाली? हे म्हणाले अजून झाली नाही, उद्या आहे. वकील म्हणाले मग अपील कशावर करू काका, अजून निकाल पुरा कुठे झालाय. वकील चांगला माणूस, त्याने पैसे घेतले नाहीत आणि परत पाठवलं. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दोषी म्हणून आत टाकलंय आणि निकाल पुरा झाला नाही म्हणतायत, हे कसं काय?"

हा प्रश्न मी नोकरीत असताना खिडकीच्या पलीकडून शेकडो वेळा ऐकलाय. तेव्हा उत्तर दिलं नाही, म्हणून आता लिहितोय.

आपल्याकडे सेशन केसमध्ये निकालाचे दोन टप्पे असतात. पहिल्यात कोर्ट सांगतं गुन्हा सिद्ध झाला की नाही. झाला असेल तर दुसऱ्या टप्प्यात आरोपीला शिक्षेबद्दल काय म्हणायचंय ते ऐकतात आणि मग शिक्षा सुनावतात. १८९८ च्या जुन्या फौजदारी संहितेत असा वेगळा टप्पाच नव्हता, तो १९७३ च्या संहितेत आला, कलम २३५ पोटकलम २, आणि आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम २५८ मध्ये आहे. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली रमा नारंग विरुद्ध रमेश नारंग या केसमध्ये सांगून टाकलंय की हे दोन्ही टप्पे झाल्यावरच निकाल पूर्ण होतो. आणि ५ डिसेंबर २०२२ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सुखपालसिंग खैरा यांच्या केसमध्ये, तिथे प्रश्न वेगळा होता, खटला चालू असताना नवीन आरोपी कधीपर्यंत ओढता येतो असा, पण तिथेही रेघ हीच मारली, की आरोपी दोषी ठरला असेल तर खटला शिक्षा सुनावली जाईपर्यंत चालूच असतो, त्या क्षणापर्यंतच नवीन माणसाला बोलावता येतं, नंतर नाही.

आणि मुदतीचा कायदा बघा, १९६३ चा, त्यातली ११५ नंबरची नोंद. अपिलाचे दिवस मोजायचे शिक्षेच्या किंवा हुकुमाच्या तारखेपासून, तिथे दोषी ठरवल्याच्या तारखेचा उल्लेख नाही. म्हणजे शुक्रवार ते मंगळवार हा पोरगा दोषी होता, बेड्यांत होता, पेपरात फोटो होता, पण अपिलाचं घड्याळ सुरू झालेलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल चारच दिवसांचा प्रश्न, एवढं काय. चार दिवसांचा असतो तर मी लिहिलं नसतं. कोपर्डीच्या बलात्कार आणि खुनाच्या केसमध्ये १८ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना दोषी ठरवलं आणि शिक्षा २९ नोव्हेंबरला झाली, अकरा दिवस. मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या २००६ च्या बॉम्बस्फोटांत मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या कोर्टाने ११ सप्टेंबर २०१५ ला बारा जणांना दोषी धरलं आणि शिक्षा ३० सप्टेंबरला सुनावली, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. मोक्कात अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे, ती त्या ३० तारखेपासून मोजायची. पुढे २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तो सगळा विषय वेगळा आणि मोठा आहे, त्यात मी शिरत नाही.

पण सगळ्यात लांबलेलं उदाहरण १९९३ च्या बॉम्बस्फोटांचं. २५७ माणसं गेली त्या दिवशी, १२ मार्चला, आणि माझा मामेभाऊ तेव्हा दादरला नोकरीला होता, तो घरी पोचेपर्यंत आम्ही रात्रभर जागे होतो, त्यामुळे त्या केसबद्दल मी कोरडेपणाने बोलू शकत नाही. टाडा, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टाने १२ सप्टेंबर २००६ पासून एकेकाचा निकाल सांगायला सुरुवात केली आणि शिक्षा सुनावणं संपलं ३१ जुलै २००७ ला. शंभर जण दोषी ठरले. संजय दत्तचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून तेच सांगतो. २८ नोव्हेंबर २००६ ला तो शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी ठरला आणि त्याची शिक्षा, सहा वर्षांची, सुनावली गेली ३१ जुलै २००७ ला. आठ महिने. टाडाचं अपील थेट सुप्रीम कोर्टात जायचं, तीस दिवसांत. पण शिक्षा झाली तरी निकालपत्राची प्रत हातात नाही. हजारो पानांचा निकाल, प्रत तयारच नव्हती. अपिलाला निकालाची नक्कल लावावी लागते, नक्कल नाही तर अपील नाही, आणि माणूस तर येरवड्यात. शेवटी २० ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने याच कारणावर अंतरिम जामीन दिला, की टाडा कोर्टाकडून निकालाची प्रत मिळेपर्यंत बाहेर राहा आणि मिळाली की हजर व्हा. ऑक्टोबरमध्ये प्रत मिळाली, तो परत आत गेला आणि नोव्हेंबरच्या शेवटी त्याला अपिलावर जामीन मिळाला. ते अपील सुप्रीम कोर्टाने २१ मार्च २०१३ ला निकाली काढलं.

त्याला जामीन मिळाला यावर तेव्हा खूप लोक चिडले होते, आमच्या ऑफिसात पण. मी नक्कल विभागातला माणूस म्हणून मला मात्र त्या हुकुमात वेगळंच काही दिसलं. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट म्हणत होतं की प्रत हातात नसताना माणसाला अपिलाविना आत डांबून ठेवणं बरोबर नाही. ज्या प्रती आम्ही दिवसभर फाडत, टाचत, शिक्के मारत होतो त्यातल्या एकेका प्रतीवर कोणाचं तरी बाहेर येणं अडलेलं असतं हे मला खरं तर तेव्हा नीट कळलं. संजय दत्तकडे दिल्लीपर्यंत जाणारे वकील होते. आमच्या खिडकीशी येणाऱ्यांकडे परतीच्या एसटीचे पैसे असायचे.

त्याच बॉम्बस्फोटांच्या दुसऱ्या खटल्यात, ज्यात अबू सालेम होता, १६ जून २०१७ ला सहा जण दोषी ठरले आणि शिक्षा झाली ७ सप्टेंबरला. मधल्या काळात, २८ जूनला, त्यातला मुस्तफा डोसा जेजे हॉस्पिटलमध्ये वारला. दोषी ठरलेला होता, शिक्षा त्याला कधी सुनावलीच गेली नाही. मला त्या माणसाबद्दल काडीची कणव नाही, पण दोषी आणि शिक्षा यांच्या मधली जागा किती मोठी असू शकते हे कळायला हे उदाहरण पुरेसं आहे. आणि ही जागा किती दिवसांची असावी याला कायद्यात बंधन नाही. नव्या संहितेने युक्तिवाद संपल्यावर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्या असं म्हटलंय, निकालाची प्रत होता होईल तो सात दिवसांत कोर्टाच्या पोर्टलवर टाका असंही म्हटलंय, ह्या दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, पण दोषी ठरवल्यावर शिक्षा किती दिवसांत सुनवायची याबद्दल शब्द नाही.

गैरसमज नको म्हणून सांगतो, ही मधली जागा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ती आरोपीसाठीच ठेवलेली आहे. १९७६ साली संता सिंगच्या केसमध्ये खालच्या कोर्टाने दोषी ठरवून शिक्षेबद्दल एक शब्द न विचारता फाशी सुनावली होती, सुप्रीम कोर्टाने शिक्षेपुरती केस परत पाठवली की आधी त्याचं ऐका. ऐका म्हणजे नुसतं 'काही सांगायचंय का' एवढं विचारायचं नाही. त्याचं वय, शिक्षण, आजार, घरात कमावतं कोण, आधी कधी गुन्हा केलाय का, तुरुंगात कसा वागला, हे सगळं पुराव्यासकट मांडायची संधी. आता आमच्या शेजाऱ्यांचं बघा. त्या चार दिवसांत त्यांनी पोराचा आयटीआयचा दाखला, आईच्या डायलिसिसचे कागद, गावातल्या दोन चांगल्या माणसांची प्रतिज्ञापत्रं असं काहीतरी गोळा करून वकिलाच्या हातात द्यायला हवं होतं. त्याऐवजी वडील कोल्हापूरला, भाऊ आमदाराच्या ऑफिसात आणि आई देवळात. मंगळवारी वकील उभे राहिले आणि म्हणाले आरोपी तरुण आहे, आई आजारी आहे, दया दाखवावी. कागद एक नाही. पाच वर्षं लागली. कागद असते तर चार लागली असती की पाचच, ते मी सांगू शकत नाही, पण जे चार दिवस ज्या कामासाठी होते ते काम झालं नाही, कारण ते कशासाठी आहेत हे घरातल्या कोणाला माहीतच नव्हतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही मी आजवर घरात पण सांगितली नव्हती.

खूप वर्षं झाली. बांधावरून भांडण, कुऱ्हाडीचा दांडा, समोरच्याचं हाड मोडलेलं, तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३२५. आमच्या फौजदारी कोर्टाने, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या कोर्टाने, त्या शेतकऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि माणूस आधीपासून जामिनावर असेल तर तेच कोर्ट त्याला अपील करेपर्यंत जामिनावर सोडतं, तेव्हाचं कलम ३८९, आताचं ४३०. त्याप्रमाणे त्याला एक महिन्याचा जामीन मिळाला, भावकीतला एक जामीनदार उभा राहिला. कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत त्याच दिवशी फुकट द्यायची असते, ती द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्याची बायको सोबत होती. मी प्रत दिली, रजिस्टरवर त्याचा अंगठा घेतला, पुढच्याला बोलावलं. निकाल इंग्रजीत टाईप केलेला. ते दोघं पिंपळाखाली बसून ती प्रत उलटसुलट बघत होते ते मला खिडकीतून दिसत होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी ती बाई एकटीच आली. म्हणाली मालकांना पोलिसांनी नेलं. झालं असं की गावात कोणीतरी शहाण्याने सांगितलं होतं, अपिलाला दोन महिने असतात, पेरणी उरकून घ्या. दोन महिने असतात ते हायकोर्टाला. खालच्या फौजदारी कोर्टाचं अपील सेशन कोर्टात जातं आणि तिथे मुदत तीस दिवसांची. महिना संपला तसा जामीन संपला, अपील दाखल नाही म्हणून वॉरंट निघालं, आणि ऐन पेरणीत माणूस सब-जेलला गेला. नंतर मुदतमाफीचा अर्ज झाला, तो मंजूर झाला, शिक्षेला स्थगिती मिळाली, पण तोपर्यंत सतरा दिवस तो आत होता. पुढे अपिलात कलम बदललं आणि दंडावर भागलं. म्हणजे ते सतरा दिवस त्याने नुसते कॅलेंडर चुकलं म्हणून भोगले. आणि त्याच्या हातात प्रत ठेवताना मी फक्त 'तीस दिवसांच्या आत हां' एवढं म्हटलं असतं तर ते झालं नसतं. मी म्हटलं नाही, कारण ते माझं काम नव्हतं. नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं की कारकुनाने मुदत सांगावी. वकिलाला वाटतं त्याला कोर्टाने सांगितलं असेल, कोर्टाला वाटतं वकिलाने सांगितलं असेल, आणि आमच्यासारखे लोक मधे शिक्का मारत बसतात.

आणि संपादक साहेब, कायद्यात मुदत सांगायची सक्ती आहे. पण ती कोणासाठी आहे ते बघा. जुन्या संहितेचं कलम ३६३ पोटकलम ४, नव्याचं ४०४ पोटकलम ४, त्यात म्हटलंय की माणसाला फाशीची शिक्षा सुनावली असेल आणि त्याला अपिलाचा हक्क असेल तर किती दिवसांत अपील करायचं हे कोर्टाने त्याला सांगितलंच पाहिजे. फक्त फाशीच्या माणसाला. जन्मठेपवाल्याला नाही, दहा वर्षंवाल्याला नाही, एक वर्षवाल्या शेतकऱ्याला तर नाहीच. वास्तविक फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अंमलात येतच नाही, ती फाईल अपील नसलं तरी आपोआप वर जाते. म्हणजे ज्याचं प्रकरण काही न करता वर जाणार आहे त्याला मुदत सांगायची आणि ज्याचं त्याने स्वतः हातपाय हलवले तरच वर जाणार आहे त्याला सांगायची नाही. मी हे कलम पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. अमेरिकेतल्या फेडरल कोर्टात शिक्षा सुनावल्यावर जज्जने स्वतः आरोपीला अपिलाचा हक्क सांगायचा असा नियम आहे, कुठल्याही शिक्षेसाठी. आपल्याकडे ते का होऊ नये? एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुहास चकमा यांच्या केसमध्ये हायकोर्टांना सुचवलंय की दोषी ठरवल्याच्या निकालाच्या प्रतीला वर एक कागद जोडा, त्यावर फुकट वकील कुठे मिळतो त्याची माहिती द्या. हे फार चांगलं आहे आणि माझी मागणी त्याच्या एकच पाऊल पुढची आहे. त्याच कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात, चार गोष्टी भरून द्या: शिक्षा कोणत्या तारखेला झाली, अपील कोणत्या कोर्टात, किती दिवसांत, आणि शेवटची तारीख कोणती. तारीख हाताने लिहून. 'कायद्याने विहित मुदतीत' असलं काही नको, तारीख हवी. राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, निकाल इंग्रजीत होतो तर होऊ द्या, पण हा एक कागद मराठीत असायला कोणाची हरकत असणार आहे. आणि तो दोषी ठरवल्याच्या दिवशीच द्या, वर एक ओळ जास्तीची घालून, की शिक्षेवरची सुनावणी अमुक तारखेला आहे, तोपर्यंत अपील होत नाही, तोपर्यंत वय, आजार, कुटुंब यांचे कागद वकिलाकडे द्या.

तुमच्याकडूनही एक मागणं आहे, आणि ते रागाने नाही. बातमीत 'दोषी ठरवले' आणि 'शिक्षा सुनावली' हे दोन वेगळे शब्द वेगळेच ठेवा. बऱ्याचदा दोषी ठरवलं त्याच दिवशी 'शिक्षा' असा मथळा येतो, किंवा अपील करणार, हायकोर्टात धाव, असं शिक्षेच्या आधीच छापून येतं. राजकारण्यांच्या बाबतीत तुमचे वार्ताहर हे बरोबर लिहितात. राहुल गांधींच्या वेळी आठवतंय ना, २३ मार्च २०२३ ला सुरतच्या कोर्टात दोषी आणि दोन वर्षांची शिक्षा एकाच दिवशी, त्याच कोर्टाने अपिलासाठी शिक्षा तीस दिवस थांबवली, तरी दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली, कारण शिक्षा थांबली होती पण दोषी ठरणं थांबलं नव्हतं. ते थांबवलं सुप्रीम कोर्टाने ४ ऑगस्टला आणि ७ ऑगस्टला खासदारकी परत आली. तेव्हा सगळ्या पेपरांनी चौकटी छापल्या होत्या, शिक्षेला स्थगिती म्हणजे काय, दोषसिद्धीला स्थगिती म्हणजे काय, दोन वर्षांची शिक्षा होताच खासदारकी जाते असं सांगणारा लिली थॉमस केसचा २०१३ चा निकाल काय. उत्तम छापल्या होत्या, मी कापून ठेवल्यात. पण हाच फरक सरकारी शिपायाला आणि मास्तरला पण लागू पडतो. फौजदारी केसमध्ये दोषी ठरला की अपिलाचा निकाल लागायची वाट न बघता त्याला नोकरीवरून काढता येतं, जामीन मिळून शिक्षा थांबलेली असली तरी. त्याच्यासाठी चौकट मी तरी कधी पाहिली नाही.

मुदतीबद्दल जे मला नोकरीत रोज दिसायचं ते इथे लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. फौजदारी कोर्टाच्या निकालावर सेशन कोर्टात तीस दिवस. सेशन जज्जच्या निकालावर हायकोर्टात साठ दिवस, फाशी असेल तर तीस. आमच्या सांगलीसह सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांचं हायकोर्ट १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला बसतं, मुंबईला जायची गरज नाही, हे अजूनही कितीतरी खेड्यांत माहीत नाही. निकालाचा दिवस मोजत नाहीत. नक्कल मिळवायला लागलेले दिवस पण वजा होतात, पण इथे लोक फसतात, कारण वजा होतात ते अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे. तुम्ही घ्यायला कधी गेलात त्याला अर्थ नाही. नकलेच्या मागच्या पानावर तीन तारखा असतात, अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. आमच्याकडे तयार झालेल्या नकला महिना महिना कपाटात पडून असायच्या आणि लोकांना वाटायचं ती नेली नाही तोवर आपले दिवस थांबलेत. ते थांबत नाहीत. अर्जच केला नसेल तर वजा व्हायला काही नाहीच. आत असलेल्या माणसाला वकील मिळाला नाही तरी अपील थांबत नाही, त्याने अपील लिहून निकालाच्या प्रतीसह तुरुंगाधिकाऱ्याकडे द्यायचं, ते पुढे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्याला जेल अपील म्हणतात आणि ते नेहमीच्या अपिलाइतकंच खरं अपील असतं. उशीर झालाच तर मुदतमाफीचा अर्ज करता येतो, कोर्टं बहुतेकदा ऐकतात, पण त्यात जे दिवस जातात ते कोणीतरी आत काढत असतं. गुन्हा कबूल केला असेल तर अपील फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढ्यावरच होतं. कबूल कर, थोडक्यात सुटशील असं सांगणाऱ्यांनी हे पण सांगत जावं.

आणि ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांनाही सांगितलं पाहिजे. २००९ च्या शेवटापासून पीडितालाही स्वतः अपील करता येतं, आरोपी सुटला, कमी कलमात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर. त्या कागदाची एक प्रत त्यांच्याही हातात जाऊ दे, कोर्टाच्या दाराशी दोन्हीकडची माणसं सारखीच गोंधळलेली असतात, मी दोघांनाही बघितलंय.

शेजाऱ्यांकडे मंगळवारी रात्री गेलो होतो. पाच वर्षांची शिक्षा ऐकून आल्यावर घरात कोणी बोलत नव्हतं. मी त्यांना म्हटलं आता रडायचं ते रडा, पण कॅलेंडर द्या. मंगळवार सोडून साठ दिवस बोटांवर मोजले, शेवटचा दिवस शनिवारी येतो. कोर्ट बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी चालतं हे मला माहीत आहे, तरी मी शनिवारवर खूण केली नाही. दोन आठवडे अलीकडच्या गुरुवारवर लाल पेनने गोल केला आणि खाली लिहिलं, या दिवशी अपील दाखल झालेलं पाहिजे. वडलांनी विचारलं की अपिलाला नंबर पडला की पोरगा लगेच सुटेल का. मी म्हटलं लगेच नाही, शिक्षा थांबवायचा आणि जामिनाचा अर्ज अपिलासोबतच द्यायचा, त्यावर वेगळं ऐकतात. मग त्यांनी ते पण कॅलेंडरवर लिहायला सांगितलं. लिहिलंय.

आपला नम्र,
एक निवृत्त नक्कल कारकून
जि. सांगली